आईचे उपवास, शुगरची गोळी आणि देव्हाऱ्याशेजारची डबी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलानं विचारलंय, की आई गावी असते, वय ६२, आठ वर्षांपासून शुगर आणि बीपी दोन्ही आहे, महिन्याच्या दोन एकादश्या, संकष्टी आणि दर गुरुवार एवढे उपवास करते, उपवासाच्या दिवशी एकही गोळी घेत नाही, काही बोललं की ‘माझा विठोबा बघून घेईल’ म्हणते, यंदा वारीला पण जायचं म्हणते, आणि रोज रात्री फोनवर ह्यावरूनच भांडण होतंय. तिला कसं समजवायचं?

मी लोणंदच्या बाजूला गेली २६ वर्षं जनरल प्रॅक्टिस करतेय. माउलींची पालखी दरवर्षी आमच्याच रस्त्यानं जाते, त्यामुळे तुमच्या आईंसारख्या बायका माझ्याकडे रोज येतात, आणि तुमच्यासारख्या मुलांचे फोनही रोज येतात. जरा लांबलचक लिहितेय कारण हे दोन वाक्यात सांगितलं तर उलटा धोका होतो, तो कसा ते आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी एका संकष्टीला रात्री पावणेनऊच्या सुमाराला एका आजींना जीपमधून आणलं. पूर्ण बेशुद्ध, अंग घामानं चिंब, साडी पाठीला चिकटलेली. बरोबर आलेले शेजारी म्हणत होते की आधी काहीतरी बरळत होत्या म्हणून आम्हाला वाटलं अंगात आलंय, म्हणून अर्धा तास कुंकू लावून बसवून ठेवलं. शुगर बघितली तर ३८. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज दिलं, पाच-सात मिनिटात डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं तर चंद्र उगवला का. त्या आजी कायम उपवासाला गोळी बंद ठेवायच्या, त्या दिवशी मात्र घेतली होती, कारण आदल्या रात्री मुलगा फोनवर खूप ओरडला होता की ‘गोळी चुकवलीस तर मी गावाला येणारच नाही’. मग बिचारीनं सकाळी गोळी घेतली आणि उपवासही धरला, कडक, पाण्यावर. मुलाचं मन राखलं, गणपतीचं पण राखलं, आणि जीव जाता जाता राहिला.

त्यात चूक त्या मुलाची नव्हती, माझी होती. मीच ती गोळी लिहून दिली होती, आणि मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं की तुम्ही उपवास करता का, कोणते करता, कसे करता. कुंकू, गळ्यात माळ, समोर दिसत होतं सगळं, तरी विचारलं नाही. त्यानंतर आजपर्यंत शुगरचा एकही पेशंट मी उपवासाचं विचारल्याशिवाय सोडला नाही. रोज्याचं पण विचारते, आमच्याकडे दोन्ही समाजाची माणसं येतात.

म्हणून तुम्हाला पहिली विनंती, ‘गोळी घेच’ असं फोनवर सांगणं आजपासून थांबवा. उपवासाला सगळ्या गोळ्या बंद करणं जितकं चूक, तितकंच उपवासाला सगळ्या गोळ्या नेहमीसारख्या घेणं पण चूक. कोणती गोळी आहे त्यावर सगळं ठरतं.

बीपीची गोळी उपवासालाही घ्यायचीच, घोटभर पाण्याबरोबर, त्यानं उपवास मोडत नाही. बीपीची गोळी अचानक बंद केली की बीपी उसळी मारतं आणि अर्धांगवायूचे पेशंट असेच येतात, ‘काल एकच दिवस नाही घेतली’ म्हणत येतात. (लघवी वाढवणारी बीपीची गोळी असेल आणि कडक उपवास किंवा कडक ऊन असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून.) शुगरच्या गोळ्यांमध्ये मेटफॉर्मिन एकटी असेल तर ती सहसा शुगर एकदम खाली पाडत नाही, फराळ केला की फराळावर घेता येते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड ह्या गोळ्यांचं वेगळं आहे, तुम्ही खाल्लंय का नाही हे त्यांना कळत नाही, त्या शरीरातलं इन्शुलिन बाहेर काढत राहतात, म्हणून पोट रिकामं असलं की शुगर धाडकन खाली. त्या आजींची हीच गोळी होती, आणि ह्या गोळीत अजून एक वाईट गोष्ट म्हणजे साखर देऊन शुद्धीवर आलेला माणूस दोन-चार तासांनी परत खाली जाऊ शकतो, म्हणून रात्रभर लक्ष ठेवावं लागतं. आणि हल्ली डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ह्या गोळ्या बऱ्याच जणांना चालू असतात, त्यात लघवीवाटे साखर आणि पाणी दोन्ही जातं, मग पाणीसुद्धा न पिता उपवास केला तर शरीर कोरडं पडतं आणि रक्तात आम्ल वाढतं, ते पण शुगर फार वाढलेली नसताना, त्यामुळे लवकर लक्षात येत नाही. इन्शुलिन असेल तर उपवासाच्या दिवसाचा डोस वेगळा ठरवून घ्यावाच लागतो. गोळ्यांची नावं एवढ्यासाठीच सांगितली की आईंच्या पाकिटावर काय लिहिलंय ते तुम्हाला वाचता यावं. डोस तुम्ही बदलायचा नाही, मी पण इथून सांगणार नाही.

आता उपवासात खाल्लं काय जातं ते बघा. तुमच्या आईंच्या ह्या उपवासांत बहुतेक संकष्टीच कडक असेल, कारण चंद्रोदयाला कधीकधी दहा वाजायला येतात. बाकीच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वेफर्स, केळं, गोड चहा तीन-चार वेळा, संध्याकाळी परत उरलेली खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात आणि प्रोटीन नावालासुद्धा नाही. त्यात गोळी बंद. म्हणजे एकादशीला शुगर ३०० च्या वर, आणि संकष्टीला कुणाच्या धाकानं गोळी घेऊन पाण्यावर राहिल्या तर ७० च्या खाली, आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ताची तपासणी) काढली की ह्या दोन्हीची सरासरी येऊन आकडा काही फार वाईट दिसत नाही. तो बघून ‘बघ, माझी शुगर कंट्रोलमध्ये आहे’ असं त्या म्हणणार. माझ्या टेबलावर हे खूप वेळा झालंय.

इथे आईंना एक गोष्ट सांगा, भांडणाच्या सुरात नको, गप्पा मारताना सांगा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिकडचाच, रताळं तिकडचं, शेंगदाणा तिकडचा आणि उपवासाची हिरवी मिरची मेक्सिकोकडची. ज्ञानेश्वर महाराज, नामदेव महाराज एकादशी करायचे तेव्हा आपल्याकडे ह्यातलं काहीच नव्हतं. म्हणजे उपवासाला काय चालतं हे नंतरच्या आपल्यासारख्याच घरांनी ठरवलंय, तर आज आपल्या घरानं परत थोडं बदललं तर देवाला काही कमी पडत नाही. हे मी माझ्या पेशंटना सांगते तेव्हा बायका आधी गप्प होतात आणि मग एखादी म्हणते, मग मी खिचडीऐवजी काय करू? तो प्रश्न आला की अर्धं काम झालं. राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडीची कोशिंबीर, लाल भोपळ्याची तुपातली भाजी, सुरण, ताक, मूठभर भाजलेले शेंगदाणे, ज्यांना आवडते त्यांनी वाटीभर भगर आणि आमटी. खिचडी हवीच असेल तर छोटी वाटी, आणि बरोबर दही-काकडी जास्त. भगरीचं पीठ मात्र सुटं, उघडं ठेवलेलं घेऊ नका, बुरशी लवकर लागते आणि नवरात्रात त्यापायी उलट्या-चक्करचे पेशंट येतात. चहा बिनसाखरेचा जमला तर सोनंच, नाही जमला तर चारचे दोन कप करा, एकदम बंद करायला सांगू नका.

श्रद्धेबद्दल आता. ‘माझा विठोबा बघून घेईल’ ह्या वाक्यावर मुलं फार चिडतात. मला ते वाक्य ऐकून बरं वाटतं, खरं सांगते. जिचा कुणावर तरी भरवसा आहे ती बाई बरी होते, सांगितलेलं ऐकते, जगायची इच्छा असते तिला. मला भीती वाटते ती ‘आता काय राहिलंय माझं’ म्हणणाऱ्या पेशंटची. तुमच्या आईंकडे रोज पहाटे उठवणारी, अंघोळ करायला लावणारी, तुळशीला पाणी घालायला लावणारी, संध्याकाळी बायकांमध्ये हरिपाठाला बसवणारी एक ताकद आहे. तिच्याशी तुम्ही भांडताय, तिला कामाला लावा की.

माझ्याकडे न शिकलेल्या बऱ्याच बायका येतात, त्यांना ‘सकाळी उपाशीपोटी एक, जेवणानंतर एक’ हे लक्षात राहत नाही. मग मी गोळ्यांना नावं दिली. बीपीची गोळी ती दिव्याची गोळी, सकाळी देवापुढे दिवा लावला की घ्यायची. मेटफॉर्मिन ती नैवेद्याची गोळी, नैवेद्य दाखवला, आपण जेवलो, की त्यावर घ्यायची. गोळ्यांची डबी तेल-वातीच्या डब्याशेजारी ठेवायची (समईच्या अगदी जवळ नको, गरम होते). दिवा लावायला कुणी विसरत नाही हो. ताप आला तरी दिवा लागतो, पाहुणे आले तरी लागतो. एक आजी तर गोळी आधी देवापुढे ठेवतात, हात जोडतात आणि मग तीर्थाबरोबर घेतात, त्यांची बीपीची गोळी गेल्या सहा वर्षांत चुकलेली मला माहीत नाही. त्यांना मी बीपीवर कधी भाषण दिलं नव्हतं, फक्त डबीची जागा बदलायला लावली.

जपाचं पण सांगते. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या पाव्हियाच्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता, २३ निरोगी माणसांवर. त्यांनी ख्रिस्ती लोकांची जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे’ हा मंत्र म्हणायला लावला, दोन्हीत श्वास आपोआप मिनिटाला साधारण सहावर आला, आणि हृदयाच्या ठोक्यांचा रक्तदाबाशी जो ताळमेळ असतो तो सुधारला. अभ्यास छोटा होता, आणि जपानं गोळी सुटते असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. पण संथ लयीत अभंग म्हणताना, माळ ओढताना जीव शांत होतो हे आपल्या आज्यांना जे जाणवतं ते खोटं नाही, एवढं म्हणायला मला त्यातून आधार मिळाला. मी बीपी मोजायच्या आधी अशा बायकांना सांगते, पाच मिनिटं बाकावर बसा आणि मनात नाव घ्या. घाईत मोजलेलं आणि त्यानंतरचं, दोन आकड्यांत चांगला फरक दिसतो.

एका जागी मात्र श्रद्धा आणि सवय ह्यांची गल्लत होते, ती म्हणजे मिश्री. सकाळी दात घासायला म्हणून भाजलेली तंबाखू, मग दुपारी एकदा, मग झोपायच्या आधी. मुलांना बऱ्याचदा माहीतच नसतं, आई सांगत नाही. तंबाखूनं बीपी वाढतं, शिरा आखडतात, तोंडाचं तर वेगळंच. आईंना प्रेमानं विचारा, असेल तर त्यांच्या गळ्यातल्या माळेची आठवण द्या. मी डॉक्टर म्हणून दहा वेळा सांगून न सुटलेली मिश्री ‘यंदाच्या आषाढीला पांडुरंगापाशी सोडून येते’ म्हणून सुटलेली मी पाहिली आहे, एकदा नाही, बऱ्याच वेळा. चातुर्मासात काहीतरी सोडायचा नेम असतोच आपल्याकडे, वांगं सोडतात, कांदा-लसूण सोडतात. चार महिने लोणचं-पापड सोडायचा नेम धरायला सांगा की. दिवसाला मीठ सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चहाचा एक छोटा चमचा, आणि आपल्याकडे तेवढं लोणचं, पापड, चटणी, सांडग्यातच जातं.

आता तुमच्याबद्दल, आणि हे वाचून वाईट वाटून घेऊ नका. तुमचं आईवर प्रेम आहे म्हणूनच तुम्ही विचारलंत. पण रोज रात्री फोनवर पहिला प्रश्न ‘गोळी घेतली का’ असेल तर काही दिवसांनी त्या खोटं बोलायला लागतात. हो, घेतली. मला त्या बायका स्वतः सांगतात, ‘मॅडम, पोराला वाईट वाटायला नको म्हणून हो म्हणते’. त्यापेक्षा संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेला व्हिडिओ कॉल करा, नातवंडं असतील तर त्यांना ‘शुभं करोती’ म्हणायला आजीबरोबर बसवा, आज भजनात काय म्हटलं ते विचारा, गुडघा कसाय विचारा. डबी तिथेच मागे दिसेल तुम्हाला. नातीनं ‘आजी, दिव्याची गोळी?’ विचारलं की आजी नाही म्हणत नाही.

आणि गावी जाताना मिठाईचे बॉक्स, क्रीमची बिस्किटं, हेल्थ ड्रिंकचे डबे नेऊ नका. आई जेवायला वाढून प्रेम दाखवते, मुलगा खाऊ आणून दाखवतो, आणि दोघांची शुगर वाढते (तुमची पण तपासून घ्या, आईला आहे म्हणजे तुम्हाला धोका आहेच). त्याऐवजी दंडाला बांधायचं बीपीचं मशीन न्या, ग्लुकोमीटर आणि पट्ट्या न्या, आणि दोन दिवस राहून त्यांना वापरायला शिकवा. बोट टोचल्यानं उपवास मोडत नाही हे आवर्जून सांगा, बऱ्याच जणींच्या मनात ती शंका असते. रात्री जेवण झाल्यावर त्यांच्याबरोबर देवळापर्यंत पंधरा मिनिटं चाला. जेवणानंतरचं चालणं शुगरला फार चांगलं, आणि एरवी न बोललेल्या गोष्टी त्या चालताना बोलतात. पुंडलिकानं आईवडिलांचे पाय चेपताना देवाला विटेवर थांबवलं, हे त्यांना तुम्ही सांगायची गरज नाही, त्या रोज त्याच देवाला हात जोडतात. पण तुम्ही त्यांचे पाय हातात घेऊन बघाल का? खरंच बघा. तळव्याला बोट लावून विचारा, कळतंय का. चटका बसलेला, काटा रुतलेला, चीर पडलेली कळत नसेल तर ते शुगरचं लक्षण आहे आणि वारीच्या आधी ते माहीत असणं सगळ्यात महत्त्वाचं आहे.

वारीला सरसकट नाही म्हणू नका. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, तीन आठवड्यांच्या आसपास, त्यातला दिवे घाट चढणीचा, पुढे ऊन किंवा धो धो पाऊस. शुगर असलेली पण तयारी केलेली माणसं चालत जातात आणि चांगली परत येतात, माझ्याकडे दरवर्षी येतात तशी. पण तयारी दोन-तीन महिने आधीपासून हवी, रोज थोडं थोडं वाढवत चालायचं, नवीन चप्पल वारीत घालायची नाही, घरी वापरून सैल झालेले बूट आणि सुती मोजे, अनवाणी अजिबात नाही, तापलेल्या डांबरानं बधिर तळव्याला कळायच्या आधी फोड येतात. रोज मुक्कामाला पाय धुऊन पुसून कुणाला तरी बघायला सांगायचं. फोड आला तर फोडायचा नाही, हळद-चुना भरायचा नाही, वाटेवर दवाखान्याचे तंबू असतात तिथे दाखवायचा. सबंध दिवस चालल्यावर शुगर खाली येते म्हणून गोळ्यांचा डोस निघायच्या आधी ठरवून घ्यायचा. कमरेच्या पिशवीत साखरेच्या पुड्या, ओआरएस, गोळ्यांची चिठ्ठी आणि तुमचा नंबर. दिंडीत बरोबरच्या दोन बायकांना सांगून ठेवायचं की हिला घाम सुटला, हात थरथरले, ही चिडचिड करायला लागली किंवा बरळायला लागली तर अंगात आलंय म्हणून बसू नका, शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा, पंधरा मिनिटांनी बरं नसेल तर परत द्या, आणि मग काहीतरी खायला द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, गाडी बोलवा.

पाय बधिर असतील, जखम असेल, छातीत दुखत असेल तर पूर्ण वारी नको, हे मी पण स्पष्ट सांगते. मग एखादा टप्पा. लोणंद ते तरडगाव तसा छोटा टप्पा आहे, वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, तेवढं त्यांच्याबरोबर तुम्ही एक दिवस रजा काढून चाला. सावता महाराज अरणला मळ्यात काम करत राहिले, देवच त्यांच्याकडे आला असं आपण मानतो, हे आईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. मी एवढंच करते की त्यांनाच विचारते, ‘मावशी, सावता महाराज कुठे भेटले हो देवाला?’ आणि उत्तर त्यांना देऊ देते.

रमजानच्या रोज्यांसाठी शुगरच्या डॉक्टरांनी मिळून नियम केलेत, त्यात स्पष्ट आहे की शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली की रोजा तिथेच सोडायचा. एकादशी-संकष्टीला मी तेच दोन आकडे सांगते. आजारी माणसाला तिकडे धर्मानं सूट दिलीय, आणि आपल्याकडेही कुठल्या घरात आजारी माणसाला, बाळंतिणीला उपवास करायला लावतात? शक्य असेल तर आईंना मानणारे गावातले कीर्तनकार महाराज किंवा भजनी मंडळातल्या जाणत्या बाई ह्यांना एकदा भेटा आणि त्यांच्या तोंडून हे येऊ द्या. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबायचंच असेल तर संध्याकाळी दूध, ताक, फळ घेऊन थांबायचं, एवढी तडजोड बहुतेक सगळ्या मान्य करतात, जर विचारणाऱ्यानं आधी त्यांच्या देवाला मान दिला असेल तर.

आत्ता लगेच करायचं ते हे. शेजारच्या कुणाला तरी सांगून आईंच्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो मागवा, पुढची बाजू नाही, मागची, जिथे औषधाचं नाव असतं ती. भिंतीवरच्या कॅलेंडरमधून पुढच्या तीन महिन्यांच्या त्यांच्या उपवासाच्या तारखा लिहून काढा. हे दोन्ही घेऊन त्यांच्या डॉक्टरांना फोन करा आणि उपवासाच्या दिवशी कोणती गोळी किती आणि कधी हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. पाकिटावर ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड दिसलं तर येत्या संकष्टीची वाट बघू नका, उद्याच फोन करा.